डेन्मार्क करून आलेले आप्पा

जळगाव-धुळ्याचा माणूस डेन्मार्कला जात नाही, डेन्मार्क करतो. चारधाम केले, अष्टविनायक केले, यंदा मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाकडे निघाला तेव्हा डेन्मार्क केलं. अशा गृहस्थांना आपण आप्पा म्हणू. खानदेशात दर गल्लीला एक आप्पा असतातच. साठी उलटलेली, केळीचा किंवा कापसाचा पैसा, नाहीतर बँकेची पेन्शन. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत. डोक्यावर टूर कंपनीची टोपी, जी पुढे दोन वर्षं केळीच्या बागेतही दिसते. आप्पांवर एक आरोप नेहमी होतो: हे परदेशात जाऊनही जळगावच बघतात. आरोप खरा आहे. माझं म्हणणं एवढंच की डेन्मार्क बघण्याची याहून चांगली रीत नाही.

आप्पांचा जन्म वजनकाट्याशेजारी गेलेला. केळीचा घड असो, कापसाची गाडी असो की सराफ बाजारातली पोत, समोर आलेली वस्तू तोलल्याशिवाय ती त्यांना दिसतच नाही. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, असं गाइड सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. आप्पा मात्र हिशोब करतात: 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्हा 42 लाख, धुळे 20 लाख. "म्हणजे आपले दोन जिल्हेच की भो!" तिथलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण मॉलेहॉय, उंची 171 मीटर. जळगाव शहर समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या वर. म्हणजे जळगाव स्टेशनच्या फलाटावर बिडी ओढणारा हमाल डेन्मार्कच्या शिखरवीराकडे खाली वाकून बघू शकतो. तिथे 147 मीटरच्या एका टेकडीला 'आकाशाचा डोंगर' अशा अर्थाचं नाव आहे. लळिंगचा किल्ला चढलेल्या धुळेकराने हे ऐकून चेहरा सरळ ठेवणं हीच त्याची सभ्यता.

हा पोरकट गर्व आहे, असं कुणी म्हणेल. असू द्या, पण या गर्वातून आप्पा जिथे पोचतात तिथे माहितीपत्रक पोचत नाही. डोंगर नाही, तिन्ही अंगांना समुद्र, म्हणजे वारा अडवायला कुणी नाही. मग पवनचक्क्या असणारच. कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर मिडलग्रुंडनला 2000 साली उभारलेल्या वीस पवनचक्क्या पाण्यात एका बाकदार रांगेत उभ्या आहेत. इतरांना त्यांचा फोटो हवा असतो, आप्पांना मालक. निम्म्या चक्क्या आठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेच्या आहेत हे कळल्यावर आप्पा एकदम घरी आल्यासारखे खुलतात. शेअर केवढ्याचा? लाभांश वेळेवर मिळतो का? चेअरमन कोणाचा माणूस? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गाइडकडे नसतं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर फिरणारी पाती आप्पांनी पाहिलेली आहेत. तिथे वारा गावाचा आणि चक्की बाहेरच्या कंपनीची, हेही त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या वीस चक्क्यांमध्ये काय बघायचं हे संपूर्ण बसमध्ये त्यांनाच कळतं. डेन्मार्कच्या युटलँड भागातल्या येडिंग गावी 1882 साली शेतकऱ्यांनी देशातली पहिली सहकारी डेअरी काढली, ही गोष्टही त्यांना परीकथा वाटत नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत त्याहून कितीतरी जुनी: बंधारा सगळ्यांचा, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि पाण्याची पाळी ठरवायला गावानेच नेमलेली माणसं. ज्याच्या आजोबांनी पाटाच्या पाण्यासाठी भांडणंही शिस्तीत केली, त्याला डेन्मार्क समजावून सांगावं लागत नाही.

कोपनहेगनच्या किनाऱ्यावरच्या जलपरीपाशी मात्र आप्पांची फजिती होते, आणि तिथे मी त्यांची बाजू घेणार नाही. 1913 साली बसवलेला हा पुतळा जेमतेम सव्वा मीटरचा. "एवढ्यासाठी एवढं विमान?" हा उद्गार शोभत नाही. विटेवरच्या विठोबाची उंची मोजून कुणी वारी रद्द केल्याचं ऐकिवात नाही. शिवाय या बाईने भोगलेलं थोडं नाही: 1964 आणि 1998 साली तिचं डोकं कापून नेलं, 1984 साली हात. डॅनिश लोकांनी दर वेळी तिला पुन्हा धडधाकट केलं. तिची कथा लिहिणारा अँडरसन 1805 सालचा. त्याच वर्षी बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापून निघालं, आणि त्या गावावर तेव्हा झेंडा डेन्मार्कचा होता. हे आप्पांना कुणी सांगितलं असतं तर ते जलपरीपुढे नारळ शोधत फिरले असते.

जेवणाचा आक्षेप सर्वांत जुना. डेन्मार्कला जाऊन हे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि शेव खातात! खातात; आणि डॅनिश माणूस तरी काय करतो? शाळेत, कचेरीत दुपारी तो घरून बांधून आणलेला डबाच उघडतो. त्या डब्याला त्यांच्याकडे स्वतंत्र नाव आहे, मॅडपॅके. आत राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या काळपट पावाचा तुकडा आणि वर काहीतरी रचलेलं. कळण्याच्या भाकरीवर ठेचा ठेवून हातावर खाणाऱ्याला ही वस्तू परकी का वाटावी? जैन आप्पांची तर चैनच असते: जूनमध्ये तिथला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तानंतर न खाण्याचा चोविहार पाळूनही साडेनऊला निवांत पंगत बसते.

आता ज्या 'ह्युगे'वर जगभर पुस्तकं निघाली ते बघा. बाहेर थंडी, आत मेणबत्ती, चार जवळची माणसं, कुणी घाई करायची नाही, कुणी मोठेपणा सांगायचा नाही. खानदेशात याला भरीत पार्टी म्हणतात. डिसेंबरातलं शेत, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली जळगावची हिरवी वांगी, लाकडी भांड्यात ठेचलेलं भरीत, वर कांद्याची पात. त्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पार्टीला अजून मिळायचं आहे. मोठेपणा सांगायचा नाही हे कलम मात्र आपल्याकडे पाळलं जात नाही, विशेषतः आप्पा डेन्मार्क करून आल्यावर.

शेवटचा आक्षेप खरा वजनदार. सतत घराशी तुलना करणारा माणूस शेवटी घराचीच आरती ओवाळतो, नवीन काही घेत नाही. पण तराजूला दोन पारडी असतात, आणि आप्पा काटा मारत नाहीत. कोपनहेगनचं टिवोली हे करमणुकीचं उद्यान बघून ते म्हणतील, आपल्या धुळ्याच्या एकवीरादेवीच्या यात्रेतले पाळणेच, फक्त 1843 पासून कायमचे ठोकून ठेवलेले. त्याच संध्याकाळी ते कोपनहेगनच्या बंदरावर उभे असतात. भर राजधानीत, जहाजांच्या धक्क्याशेजारी, ऑफिस सुटलेले लोक खुशाल पाण्यात उड्या मारतात. एकेकाळी सांडपाण्याने घाण झालेलं हे पाणी सुधारून 2002 पासून तिथे पोहण्याची सोय झाली. इथे आप्पांची तुलना आपोआप सुरू होते. धुळ्याचे असतील तर पांझरा, जळगावचे असतील तर गिरणा. "आपले दोन जिल्हेच की," हे वाक्य पहिल्या दिवशी त्यांनीच टाकलेलं असतं, त्यामुळे आता 'तो देशच वेगळा' म्हणून सुटायची सोय उरलेली नसते. संपूर्ण सहलीत आप्पा गप्प बसतात ते इथेच, टोपी काढून, आणि पुढच्या ठिकाणी जायला बस हॉर्न वाजवते तरी उठत नाहीत.