एका काडीची मशागत

परवा गावी गेलो. दिवेलागणीला अंगणात उभा राहिलो तर चार दिशांना चार ठिकाणी आभाळ लाल. "आग लागली का रे कुठं?" म्हटलं. चुलतभाऊ तंबाखू मळता मळता म्हणाला, "लागतीया कशाला? लावलीया. पाचट हाय."

'लागली' आणि 'लावली' यांत फरक एका अक्षराचा. त्या अक्षरात आपलं अख्खं कृषी धोरण मावतं.

ऊस तुटून गेला की रानात वाळल्या पानांचं पाचट उरतं, हेक्टरी आठ-दहा टन. ते मजूर लावून सरीत बसवायचं तर हजेरी मोजावी लागते, आणि हजेरी मोजायची तयारी असली तरी मजूर मिळत नाही. शिवाय पाचटात उंदीर होतात, उंदरामागं साप येतो, पाण्याला गेलेल्या माणसाच्या पायाखाली काय येईल नेम नाही. उलट काडीपेटी दोन रुपयांची. तीही काडी ओढून झाल्यावर परत खिशात. तासाभरात रान मोकळं, बुडखे उघडे, खोडवा एकसारखा फुटायला तयार. इतकी स्वस्त मशागत आजवर कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला जमलेली नाही.

घरात टीव्हीमागं जमीन आरोग्य पत्रिका खोचलेली होती. सरकारनं २०१५ साली ही योजना आणली तेव्हापासून मातीलाही रिपोर्ट मिळतो आणि माणसांप्रमाणेच तीही तो वाचून सांगणारं कुणी नसल्यानं गप्प बसते. मी काढून पाहिली. सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के. शेरा : कमी. ०.५ च्या खाली गेलं की कमीच म्हणतात.

"पन दादा, माती तर काळीभोर हाय!" भाऊ म्हणाला. रंगावर जायची आपली सवय जुनी. सोयरीक करताना रंग बघतो, जमीन घेतानाही रंगच बघतो. काळ्या मातीचा काळेपणा म्हणजे कर्ब नव्हे, हे कुणी लक्षातच घेत नाही.

मग मी पुण्याहून नेलेलं ज्ञान बाहेर काढलं. दहा टन पाचटात अर्ध्या टक्क्याच्या हिशेबानं पन्नास किलो नत्र. पेटवलं की त्यातलं बहुतेक धुराबरोबर गेलं. भावानं बोटांवर मोजलं. पन्नास किलो नत्र म्हणजे अडीच पोत्यांच्या आतबाहेर युरिया. पोतं २६६ रुपये ५० पैशांना. "म्हंजी साडेसहाशे रुपयं. दादा, साडेसहाशेत पाचट सरीत बसवून देणारा माणूस पुण्यातनं पाठवा, मी जेवू घालतो त्याला."

मी निरुत्तर. अनुदानानं युरिया इतका स्वस्त केला, की त्याच्यापुढं पाचटाची किंमत राखेएवढी झाली. शेतकरी अडाणी नाही. गणित बरोबर सोडवतो. गणितच चुकीचं छापलंय. त्यात नत्राला भाव आहे, कर्बाला नाही. पाणी धरून ठेवणं, घातलेलं खत वाहून जाऊ न देणं, माती भुसभुशीत राखणं ही सगळी कामं कर्ब करतो, पण बिनपगारी. आणि बिनपगारी माणसाची आठवण तो गेल्यावरच येते.

ही आठवण भावाला आलेलीही होती. गोठ्यात कोनाड्यात ह्युमिक ॲसिडची बाटली. "जमिनीला कर्ब पायजे म्हनत्यात, दुकानदारानं दिलीया." वर १२ टक्के लिहिलेलं. म्हणजे लिटरमागं सव्वाशे ग्रॅमच्या आत. आता हेक्टरभर रानाची वरची अर्धा फूट माती म्हणजे सुमारे २२ लाख किलो. तिच्यातला कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर २२ क्विंटल कर्ब मातीत टिकला पाहिजे. बाटलीतलं सगळं कर्बच धरलं, तरी अठरा हजारांवर बाटल्या. आणि ज्या दहा टन पाचटात तीन टनांवर कर्ब होता, त्याच्या उजेडात आम्ही हा हिशेब मांडत होतो.

पाचट न जाळता ठेवलं म्हणजे सगळा कर्ब मातीत राहतो असंही नाही. आपल्या उन्हात माती म्हणजे पेटती चूल. दहा अंशांनी ऊब वाढली की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. थंड मुलखात वर्षानुवर्षं टिकणारं इथं बघता बघता हवेत जातं. वर नांगरून, रोटाव्हेटर फिरवून आपण चुलीला फुंकरही घालतो. म्हणून एका वर्षाच्या पुण्यावर भागत नाही, घालत राहावं लागतं. पाचट असो, शेणखत असो, ताग-धैंचा असो.

त्यातही पाचट म्हणजे नुसती कोरडी भाकरी. मातीतल्या जिवाणूंना बरोबर कालवण लागतं, नत्राचं. आपण वाढलं नाही, तर ते उसाच्या ताटातलं ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग शेतकरी म्हणतो, पाचटानं वाटोळं केलं. म्हणून टनामागं आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारं जिवाणू खत टाकायची शिफारस आहे. पंगत नीट वाढा, पाहुणे भांडत नाहीत.

यात नवं काही नाही. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या जोडीनं शेतातल्या टाकाऊ मालाचं खत कसं करायचं यावर १९३१ साली अख्खं पुस्तक लिहिलं. हॉवर्ड जगाच्या सेंद्रिय शेतीचा आद्यपुरुष झाला. वाडांचं नाव आपण पाचटाबरोबर कुठं जाळलं, आठवत नाही.

निघताना भावानं शब्द दिला, "यंदा एक आड एक सरीत तरी पाचट ठेवतो." सकाळी फोन आला. शेजाऱ्यानं रात्री स्वतःचं पाचट पेटवलं, वारं फिरलं, बांध ओलांडून आग याच्या रानात. पाचट गेलं, बांधावरचा गिरिपुष्प होरपळला.

"आणि ती बाटली?" मी विचारलं.

"ती हाय की गोठ्यात. लेबलावर लिवलंयच, आगीपासून लांब ठेवा."