ही ओळ संपू दे

"एक पुरं कर आणि मगच दुसरं हातात घे," हा सल्ला मला आजवर ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांच्यापैकी एकाच्याही हातात सुया नव्हत्या. नवरा हे सांगतो, तेव्हा त्याच्या उशाशी तीन पुस्तकं अर्धवट वाचून पालथी पडलेली असतात. नणंद सांगते, तिच्या बाथरूमच्या फरशा गेल्या गणपतीपासून बसताहेत. मुलगा सांगतो तेव्हा त्याच्या एका कानात इयरफोन असतो आणि लॅपटॉपवर किती खिडक्या उघड्या आहेत हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. पण त्या सगळ्यांची ती कामं, आणि माझा मात्र पसारा.

तर पसारा असा. नवऱ्याचा निळा, बिनबाह्यांचा स्वेटर. मुंढ्यापर्यंत आलेला आणि तिथेच रुसून बसलेला. मिनेसोटात शिकायला गेलेल्या भाच्याचा वेण्यांच्या नक्षीचा, पूर्ण बाह्यांचा. त्याची पाठ झाली आहे, छाती व्हायची आहे. सासूबाईंची त्रिकोणी शाल. एक पायमोजा, ज्याचं अजून कुठे जमलेलं नाही. आणि एक कुंची, जी पुतण्याच्या बारशासाठी सुरू केली होती. पुतण्या आता दुसरीत आहे. कुंचीची मला चिंता नाही. ती कुणाच्या ना कुणाच्या बारशाला पोचेलच, मुलं काय, होतच असतात. सोफ्यामागे आणखी एक पिशवी आहे, पण तिच्यातून काय होणार होतं ते आता त्या लोकरीलाच ठाऊक.

हे सगळं एकाच वेळी का, याचं उत्तर घरातच आहे. बाईला सलग वेळ मिळत नाही, तुकडे मिळतात, आणि ते तुकडेही एका मापाचे नसतात. कुकरच्या तीन शिट्ट्या हा एक तुकडा. दुपारी सगळे पांगले की मिळणारा तास हा दुसरा. लांबच्या मावशीचा फोन हा तिसरा, आणि तो किती लांबवायचा हे मावशी ठरवते. प्रत्येक तुकड्याला वेगळं विणकाम लागतं. मावशीच्या फोनला निळा स्वेटर उत्तम. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, डोकं अजिबात लागत नाही. "हो ना", "अगंबाई", "मग काय म्हणाली ती?" एवढ्या भांडवलावर दोन इंच सहज होतात. खरं सांगायचं तर या स्वेटरच्या पाठीत आमच्या नात्यातल्या एका घटस्फोटाची साद्यंत हकीकत विणलेली आहे. नवरा तो घालून त्याच घरच्या लग्नाला जाणार आहे.

भाच्याच्या वेण्यांचं तसं नाही. वेणी घालायची म्हणजे तीन टाके एका छोट्या जादा सुईवर उतरवायचे, ती सुई पुढे लोंबकळत ठेवायची, त्यांच्या नंतरचे तीन टाके आधी विणून घ्यायचे आणि मग त्या लोंबकळणाऱ्या सुईवरचे तीन. टाके एकमेकांना ओलांडून जातात आणि वेणीला पीळ पडतो. हे करताना श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. आणि नेमके ते तीन टाके अधांतरी असतानाच आमच्या दाराची बेल वाजते. दारात कुरिअरवाला. त्याला ओटीपी हवा असतो. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर गेलेला असतो, नवरा मीटिंगमध्ये असतो, आणि मी जादा सुई दातांत धरून दार उघडलेलं असतं. एकदा तो बिचारा पोरगा पार्सल उंबऱ्यावर ठेवून जिन्यानेच पळाला. लिफ्ट समोर उभी होती.

मोजा हा बाहेरचा. पर्समध्ये मावतो, दाताच्या डॉक्टरकडे चालतो, बँकेत चालतो. धाकटीच्या शाळेत पालकसभेला "पालकांनी मुलांना वेळ द्यावा" या विषयावर व्याख्यान चाललं होतं, तेव्हा मी धाकटीच्याच मोज्याचा घोटा विणत होते. याहून जास्त वेळ कसा देतात ते मला कुणीतरी सांगावं. बँकेत सुया बाहेर काढल्या की शेजारचं माणूस बोलतंच. पासबुक भरायला आलेल्या एका आजोबांनी मला १९६२ च्या युद्धाची गोष्ट सांगितली. त्यांच्या आईने आणि आळीतल्या बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी कसे रात्र रात्र बसून स्वेटर आणि मोजे विणले होते ती. माझा ऊर भरून आला. मग माझ्या हातातल्याकडे बघून ते म्हणाले, "जोड्या पाठवल्या होत्या हं त्यांनी."

आता यात माझा एकटीचा दोष नाही. पहिला मोजा संपला की त्यातली गंमतही संपते आणि दुसऱ्याला हात लागत नाही, ही जगभरच्या विणणाऱ्यांची रड आहे. परदेशातल्या बायकांनी तर या दुखण्याला 'सेकंड सॉक सिंड्रोम' असं भारदस्त नावही देऊन टाकलंय, म्हणजे निदान आजारी रजा तरी मागता येईल. मोज्यातली सगळी गंमत टाचेत असते. तोवर नुसती नळी विणत यायचं, आणि मग एका जागी ओळ पुरी न करताच अर्ध्यातून मागे फिरायचं, पुन्हा फिरायचं, दर वेळी एकेक टाका जास्त घेत. बघता बघता त्या सरळ नळीला कोपर फुटतं. किती वेळा केलं तरी मला ते खरं वाटत नाही.

घरच्यांचा मुख्य राग मात्र शालीवर आहे, आणि त्यामागे गणित आहे. आमच्या घरात वेळ घड्याळावर मोजत नाहीत, ओळींवर मोजतात. "आई, भूक." "ही ओळ संपू दे." "अगं, दूध उतू जातंय!" "ही ओळ..." नाही, दुधाला उठते मी. पण बाकी सगळ्याला ओळ संपावी लागते. निळ्या स्वेटरची ओळ सज्जन आहे. ११० टाके, पाचेक मिनिटांचा मामला. त्या पाच मिनिटांच्या हिशोबाने घरच्यांनी आपापली आयुष्यं लावून घेतली होती. त्रिकोणी शाल मानेपाशी सात टाक्यांनी सुरू होते. दर दोन ओळींना चार टाके वाढतात. सुरुवातीला "ही ओळ संपू दे" म्हटलं की मी अर्ध्या मिनिटात हजर. मुलांना वाटलं, आई सुधारली. पण ऐंशी वेळा वाढवून झालं की सुईवर ३२७ टाके असतात, आणि तेव्हाही मी तेच म्हणते, त्याच आवाजात. धाकटी ताट घेऊन पाटावर बसते, उठते, एक पोळी नुसतीच खाऊन टाकते, ओळ आपली चालूच.

नवरा इंजिनिअर. एका रविवारी त्याने कागद घेतला आणि सिद्ध केलं की १६० ओळींपैकी ८० झाल्या म्हणजे शाल अर्धी झाली असं नाही; ती जेमतेम पाव झाली, कारण पुढच्या ओळी लांब लांब होत जातात. हा शोध त्याने जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केला. सासूबाईंना मी आदल्याच दिवशी "अर्धी झाली हो आई" असं सांगितलं होतं. त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाल्या, "तरीच. मानेला धरून बघितली तर हातरुमालाएवढी. मी म्हटलं, मीच जाड झाले की काय."

याच इंजिनिअरला विल्यम ली फार जवळचा वाटतो. इंग्लंडमधल्या या पाद्र्याने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र तयार केलं. दंतकथा अशी की ज्या मुलीवर त्याचं मन बसलं होतं, ती त्याच्याकडे बघायची सोडून सतत विणत बसायची. म्हणून वैतागून त्याने विणण्याचं कामच यंत्राच्या गळ्यात घातलं. यंत्र नेलं तर पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट दिलं नाही. "बिचारा!" नवरा म्हणतो. मला तर ती राणी शहाणी वाटते. आणि ती मुलगीही. दोन मिनिटं थांब, ओळ संपू दे, एवढंच ती म्हणाली असेल. पण पुरुषाला दोन मिनिटं थांबण्यापेक्षा नवं यंत्र शोधणं सोपं जातं.

सगळेच तसे नसतात म्हणा. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा टॉम डेली पाण्यात सूर मारून सुवर्णपदक घेऊन आला आणि नंतर प्रेक्षकांत बसून शांतपणे विणत होता. पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने छोटी पिशवीही विणली होती. मुलाने मला तो फोटो कौतुकाने दाखवला. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाला लावला आणि निकाल दिला, "टाके अगदी सारखे आहेत हो. पण शेजारी कुणी 'गॅस बंद कर' म्हणणारं नाही त्याच्या."

सासूबाईंचा या विषयातला अधिकार मोठा आहे. सुटलेला टाका खाली ओळीमागून ओळी उतरत गेला, की मी घाबरते. त्या क्रोशाची सुई घेऊन टीव्हीवरची नजर न काढता तो शिडी चढवल्यासारखा वर आणून देतात. निळा स्वेटर अडला होता तो लोकर संपल्यामुळे. रंगाच्या प्रत्येक घाण्याचा नंबर गुंड्याच्या कागदावर असतो, आणि एका स्वेटरची लोकर एकाच नंबरची, एकदमच घ्यावी लागते. तुळशीबागेतल्या दुकानदाराने "तोच आहे ताई, अगदी तोच" म्हणून दिलेला निळा ट्यूबलाइटखाली तोच होता. उन्हात धरला तर तो आणि आमचा निळा यांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "छातीवर राखाडी पट्टा घाल, आणि वर नवा निळा चालू कर. लोकांना वाटेल, डिझाईन आहे." या घरातली निम्मी डिझाइन्स अशीच झालेली आहेत.

आणि पुण्यात लोकरीचं विणायचं कशाला, हा प्रश्नही नेहमीचा. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला होता. मी त्या दिवसाच्या भरवशावर विणते. मिनेसोटाची गोष्ट वेगळी, तिथे शून्याखाली वीस अंश ही काही बातमी नाही. पण भाचा परवा व्हिडिओ कॉलवर टी-शर्टात बसला होता. "मावशी, घरात हीटिंग असतं आणि बाहेर हे एवढं जाड जॅकेट. स्वेटर नेमका कुठे घालू?" मी म्हटलं, "दारात."

खरी मारामारी सुयांची आहे. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे. नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. फरक किरकोळ वाटतो. पण इंचात साडेपाच टाके बसायला हवेत तिथे पाचच बसले, तर वीस इंचांची पाठ बावीस इंच होते, पुढचा भागही तसाच, आणि स्वेटर चार इंचांनी ढगळ होऊन शेजारच्या काकांना द्यावा लागतो. म्हणून सुया जपाव्या लागतात, आणि माझ्या दहा नंबरवर तर घरात सगळ्यांचाच डोळा. केक भाजला गेला का ते बघायला त्याच जातात, पायजम्यात नाडी ओवायला त्याच जातात. धाकटी नाटकासाठी अंबाड्यात दोन्ही खोचून गेली ती एकच घेऊन परत आली. साहजिकच नवं काही सुरू करायचं तर जुन्याखालच्या सुया काढून घ्याव्या लागतात. तिथले टाके दोऱ्यावर उतरवून ठेवायचे, आणि कुठवर आलो होतो त्याची चिठ्ठी फ्रीजवर लावायची.

चिठ्ठी अशी होती: "१० नं. – २ सु. २ उ. – ४ वेळा." नवऱ्याने तिचा फोटो काढला आणि वाण्याला पाठवून दिला. वाणी हुशार. थंडीचे दिवस. त्याने 'सु.'ची सुंठ केली, 'उ.'चे उडीद केले, सुंठीची दोन पाकिटं आणि दोन किलो उडीद पोरासोबत पाठवले. तेही दहा नंबरच्या फ्लॅटमध्ये, जिथल्या आजींनी ते घेतले नाहीत. मग वाण्याचा फोन आला. "वहिनी, लाडवांची ऑर्डर घेतलीत वाटतं? आणि चार वेळा म्हणजे, दर आठवड्याला पाठवू की चारी एकदमच?"

उडीद शेवटी आमच्याकडेच आले आणि लाडू उत्तम झाले. भाची आली होती म्हणून त्यातलेच काही तिला आणि तिच्या आईला द्यायला गेले, तर कळलं की भाचीला तिसरा महिना आहे. कुंची बाहेर काढली. सात वर्षांत तिचा पिस्ता रंग थोडा उतरलाय, पण बाळांना कुठे कळतं. फक्त दहा नंबरच्या सुया लागतील. त्या निळ्या स्वेटरखाली आहेत, तेव्हा त्याचे टाके पुन्हा दोऱ्यावर जातील, आणि नवरा यंदाही लग्नाला जुनं जॅकेट घालून जाईल. चिठ्ठी मात्र लिहून कपाटात, साड्यांखाली ठेवली आहे. उडीद अजून संपलेले नाहीत.