पुरवणी मिळणार नाही

विद्यापीठाला फाटक असावं, फाटकावर वॉचमन असावा आणि आत शिरल्यावर अर्धा मैल गुलमोहरांखालून चालल्याशिवाय वर्ग सापडू नये, एवढीच माझी विद्येच्या मंदिराकडून अपेक्षा होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला फाटक नाही. ऑल्डविचला बसमधून उतरायचं, हॉटन स्ट्रीट नावाच्या गल्लीत वळायचं, आणि वकील-बँकवाल्यांची गर्दी विरळ होऊन पाठीवर सॅक आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली माणसं दिसू लागली की समजायचं, विद्यापीठ आलं. सिडनी आणि बिआट्रिस वेब, बर्नार्ड शॉ वगैरे मंडळींनी १८९५ साली ही संस्था काढली. पुढे ती आसपासच्या इमारती एकेक करून पोटात घेत वाढली. त्यामुळे व्याख्यान एका इमारतीत, सेमिनार गल्लीपलीकडच्या दुसऱ्या इमारतीत, आणि मधल्या वेळेत पाऊस. इथलं व्याख्यान पाच मिनिटं उशिरा सुरू होतं आणि पाच मिनिटं आधी संपतं. ती सोय पावसासाठीच केलेली असावी.

आत शिकवतात की जगात फुकट जेवण नावाची गोष्ट नसते. अर्थशास्त्राच्या पायाभूत सिद्धांतांपैकी हा एक. दुपारी तो वहीत उतरवून बाहेर यावं, तर गल्लीच्या तोंडाशी हरे कृष्ण पंथाची गाडी उभी असते आणि गरम भात-भाजी फुकट वाढत असते. रांगेत भावी अर्थमंत्री, भावी बँकर आणि भांडवलशाहीवर प्रबंध लिहून तिचा कायमचा निकाल लावणारे, सगळे डबा घेऊन उभे. सिद्धांताची इतकी शिस्तबद्ध पायमल्ली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पहिला पेच पडला तो शिक्षकांना हाक मारण्याचा. आमच्या प्राध्यापकबाईंनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं, मला नावाने हाक मारा. वय साठीच्या पुढचं, नावावर पुस्तकांची रास, आणि म्हणे नुसत्या नावाने हाक मारा! जर्मन मुलगा लगेच मारू लागला. मला जमेना. मग मी प्रत्येक वाक्य असं रचू लागलो की संबोधनच लागू नये. पूर्वीच्या बायका जशी नवऱ्याचं नाव न घेता सगळा संसार करत, तसं मी पहिलं सत्र काढलं. अगदीच अडलं असतं तर उखाण्यात घेतलं असतं.

दुसरा पेच सेमिनारचा. आठवड्याला चार-पाच लेख आणि एखाद-दोन पुस्तकांची प्रकरणं वाचून यायचं आणि गोल बसून बोलायचं. मी सगळं वाचून, खुणा करून, गप्प बसत असे. शाळेत वर्गात बोलणाऱ्याचं नाव मॉनिटर फळ्यावर लिही. ती भीती माणसाबरोबर विमानात चढते, तिचं वजन लागत नाही. माझ्या शेजारचा इटालियन मुलगा एक ओळही न वाचता येई आणि लेखकाचं नेमकं कुठे चुकलं ते दहा मिनिटं सांगे. गंमत अशी की बहुतेक वेळा लेखकाचं तिथेच चुकलेलं असे. न वाचता ते कसं समजावं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पण खरा धक्का लेखनाचा. आपण पुरवणीवर पोसलेली माणसं. बोर्डाच्या परीक्षेत शेजारच्याने दुसरी पुरवणी मागितली की आपला धीर सुटतो. उत्तराचं वजन हातात धरून कळलं पाहिजे, हा आपला संस्कार. आणि इथे सूचना, निबंध दोन हजार शब्दांत लिहा. वर गेलात तर मार्क कापू. मार्क कापू! जास्त लिहिलं म्हणून! माझी प्रस्तावनाच नऊशे शब्दांची होती, आणि तिच्यात मी अजून मानवजातीच्या आरंभाशीच होतो. बाईंनी मसुद्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाल्या, इथपर्यंत वाचकाला माहीत आहे, तुला काय म्हणायचंय? प्रश्न साधा होता. इतक्या वर्षांच्या शिक्षणात तो मला कुणी विचारला नव्हता, हेही तितकंच खरं. आम्हाला विचारत ते पुस्तकात काय म्हटलंय.

त्या निबंधाला अडुसष्ट मार्क पडले. इथली रीत अशी, की पदव्युत्तर वर्गात पन्नासला पास, साठला मेरिट, सत्तरला डिस्टिंक्शन. त्याच्यावर आणखी तीस मार्क शिल्लक असतात, ते कुणासाठी राखून ठेवलेत ते विचारायचं नसतं. निबंधाखाली बाईंनी लिहिलं होतं की निष्कर्ष मला मुळीच पटलेला नाही, पण मांडणी उत्तम आहे. संध्याकाळी घरी फोन केला.

"अडुसष्ट," मी म्हटलं.
"कितीपैकी?" बाबा.
"शंभर."
बराच वेळ आवाज नाही. मग, "बरं नव्हतं का तुला?"
"बाबा, हे चांगले मार्क आहेत."
"नापास किती खाली?"
"पन्नास."
"म्हणजे अठरा मार्कांनी वाचलास," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. आईने मार्कांचा विषय काढला नाही. तुपाचा काढला.

न पटूनही मार्क देण्याची ही खोड या संस्थेत जुनी आहे. बाबासाहेब आंबेडकर इथे १९१६ साली आले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हातभार लावला, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी. एस्सी. मिळाली. त्या पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, आणि तिच्यात कॅननसाहेब उघड म्हणतात की यातलं बरंचसं मला मान्य नाही. तरी विचारांच्या ताजेपणाचं कौतुक करतात. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या पुस्तकाला गुरूने प्रस्तावना लिहायची तर आधी आशीर्वाद, मग आठवणी, आणि शेवटी पुस्तक वाचायचं राहून गेल्याचा संशय. कॅननसाहेबांनी पुस्तक वाचलं होतं, एवढं नक्की. बाबासाहेब राहत ती किंग हेन्रीज रोडवरची दहा नंबरची जागा महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतली. चॉक फार्म स्टेशनापासून जवळ आहे. तिथे गेल्यावर माझी प्रस्तावना मी मुकाट्याने कापली.

लंडन तसं विचारपूस करणारं गाव नाही. शेजारच्या खोलीत कोण राहतं हे महिनोन्महिने कळत नाही. आमच्या वसतिगृहात ओळखी करून दिल्या त्या कोल्हापूरच्या एका मुलाच्या लसणाच्या फोडणीने. स्वयंपाकघरातलं आगीचा इशारा देणारं यंत्र उष्णतेवर वाजतं आणि बाहेरच्या बोळातलं धुरावर. म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद ठेवायचं असतं. त्याने उघडं ठेवलं. रात्री साडेअकराला अख्खी इमारत रजया पांघरून फुटपाथवर. तिथे मला माझ्या मजल्यावरचा नायजेरियन गणिती पहिल्यांदा भेटला आणि त्याने विचारलं, जे जळत होतं ते खायला मिळेल का.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी साडेचार तासांचं अंतर साडेपाच तासांचं होतं, आणि डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. हे आईला सांगितलं तेव्हा तिला अंधाराचं काही वाटलं नाही. "म्हणजे त्या दिवशी अभ्यासाला एक तास जास्तच मिळाला," ती म्हणाली.

तर वाचकहो, येत्या सप्टेंबरात तुमच्या घरातलं कोणी तिकडे निघालं असेल, तर जानेवारीत फोनवर अडुसष्ट ऐकून घाबरू नका, पेढे वाटा. आणि बॅगेत लोणच्याची एक बरणी कमी करून कुकरची एक जादा रिंग घाला. आमची पहिल्या सत्रातच सैल झाली, आणि नवीन आणायला वेंब्लीपर्यंत जावं लागलं.