परीघराचे मुंडकार

गोव्यातल्या मुरगाव तालुक्यात वाड्यावाड्यावर एक भाई असतात. पोर्टातून निवृत्त झालेले, मूळचे पेडण्याकडचे नाहीतर डिचोलीकडचे, हेडलँड सड्यावर किंवा मंगूर हिलवर घर बांधलेले आणि रिकामी जागा डोळ्यांना सहन न होणारे. चवथीला गणपतीपुढचा हलता देखावा त्यांचा. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या जबड्यात पेटणारा बल्ब त्यांचा. नाताळात शेजारच्या सिन्योरने गोठ्यासाठी नाचणी कधी पेरावी म्हणजे ऐन दिवशी गवत हिरवंगार दिसेल, हेही भाईच सांगतात. सिन्योर मान डोलावतो आणि दरवर्षीप्रमाणे आपल्या दिवशी पेरतो.

भाईंनी पोर्टात टॅलीचं काम केलं. डिचोलीचं तांबडं खनिज बार्जीत बसून मांडवीतून मुरगावला यायचं आणि जहाजात बसून जपानला जायचं. आपल्याच मामाच्या गावचा डोंगर टनाटनाने परदेशी जाताना त्यांनी जन्मभर वहीत मांडला. तेव्हापासून इथलं काही टाकून द्यायचं म्हटलं की त्यांच्या पोटात कालवतं. जहाजावरचा उरलेला रंग, तुटका दोर, मंगळुरी कौलांचे तुकडे, फेणीच्या बाटल्यांची बुचं असं सगळं त्यांच्या पडवीत कामाच्या प्रतीक्षेत असतं.

अशा माणसाच्या अंगणातला आंबा वाळतो, तेव्हा खरी कथा सुरू होते. गोव्यात स्वतःच्या दारातलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. १९८४ चा कायदा भाईंना आरतीसारखा पाठ. फॉर्म भरताना ते कारकुनाला हटकून एक प्रश्न घालतात. २०१६ साली सरकारने माडाला कायद्यातल्या झाडांतून वगळलं आणि २०१७ मध्ये परत घेतलं, तर मधल्या काळात माड कोण होता? कारकून परवानगी लवकर देतो.

आंबा पडतो, बुंधा उरतो. कमरेएवढा उंच, मध्ये पोकळ. सुट्टीत पुण्याहून आलेली नात मोबाइलवर कुठल्याशा साहेबाच्या बागेतलं परीचं घर दाखवते. बुंध्याला चिमुकलं दार, खिडक्या, वर लाल छत्रीची अळंबी. भाई चष्मा पुसून पुन्हा पाहतात. त्या रात्री ते जेवत नाहीत, मापं काढतात.

मग वाड्याला व्याख्यान. इंग्लंडात बिडल्फ ग्रेंज नावाच्या बागेत १८५६ साली उलटेपालटे बुंधे रचून पहिली खुंटबाग झाली. चार्ल्स राजाने युवराज असताना आपल्या हायग्रोव्हच्या बागेत तशीच केली. ती बघून त्याच्या बापाने, म्हणजे प्रिन्स फिलिपने, हा ढीग पेटवणार कधी असं विचारलं म्हणतात. राजघराण्याशी काडीचा संबंध नसताना भाईंच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, नेमका तोच प्रश्न केलेला असतो. न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली तो बुंधा महिनाभर पुरला असता, असा त्यांचा हिशोब.

पण घर उभं राहतं. आइस्क्रीमच्या काड्यांचं दार. करवंटीचा घुमट. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. ज्या शिंपल्यांचे पातळ तुकडे गोव्यातल्या जुन्या घरांना काचेच्या जागी लावत, त्या चिखलीच्या खाडीत अजून सापडतात. आता त्यांना हात लावणं गुन्हा आहे, म्हणून भाईंनी पाडलेल्या घराच्या खिडकीतून चार तुकडे मागून आणलेले. मडगावच्या बाजारातून पांढऱ्याशुभ्र पऱ्या येतात. वास्कोच्या हवेतली कोळशाची भुकटी आठवडाभरात त्यांना आपल्यातल्या करून टाकते. भाई रोज सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशाने पऱ्यांना आंघोळ घालतात.

बघायला वाडा लोटतो. पोरं फोटो काढतात. पेडण्याहून आलेली भाईंची थोरली बहीण मात्र दुरूनच विचारते, "अरे, त्याला विचारलंस?"

"कोणाला?"

"झाडातल्याला."

इथे भाईंचा आवाज उतरतो. झाडातल्या राखणदाराच्या, म्हणजे देवचाराच्या, भीतीनेच लहानपणी तिन्हीसांजेला त्यांचा अभ्यास व्हायचा. झाड तोडायची परवानगी वनखात्याने दिली होती, राखणदाराने नव्हे. दुसऱ्या दिवशी परीच्या दारात कोणीतरी विडी ठेवलेली दिसते. मग जाड भाकरीचा रोट येतो. अमावास्येला द्रोणात थोडी फेणीही येते आणि सकाळी द्रोण रिकामा असतो. त्याबद्दल वाड्यावर दोन मतं आहेत. दुसऱ्या मताचा रोख भाईंच्या धाकट्या भावावर आहे.

शेवटी वाड्यावरचे वकील निकाल देतात. "भाई, १९७५ चा मुंडकार कायदा! दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहत्या मुंडकाराला घराबाहेर काढता येत नाही. देवचार मुंडकार, तुमच्या पऱ्या पोटभाडेकरू." भाईंना हे पटतं. ते दारावर तशी पाटी लावतात आणि विडीसाठी कोनाडा खोदतात.

पण खरा दावा पावसाळ्यात दाखल होतो. बुंध्याच्या मुळांत वाळवी असतेच. दोन पावसाळ्यांत तांबड्या मातीचे सुळके करवंटीचा घुमट फोडून वर येतात. भाई औषधाची फवारणी घेऊन निघतात, तर वहिनी आडव्या. पेडण्या-डिचोलीकडच्या माणसाने रोयणीवर, म्हणजे वारुळावर, औषध मारायचं? रोयण म्हणजे सातेरी देवी, गावाची भूमका! हळदकुंकू वाहिलं जातं, नारळ वाढवला जातो. एरवी हा देखावा मोडकळीला आला असं भाई म्हणाले असते. आता ते हात जोडून उभे राहतात आणि मनात पत्र्याच्या छपराचं माप काढतात.

नात फोनवर विचारते, "आजोबा, माझी परी आहे ना?"

"आहे की," भाई सांगतात. "पण घर आता मालकिणीच्या नावावर झालंय."

पऱ्यांचा मुक्काम पडवीत हलला आहे, तात्पुरता. शेजारच्या सिन्योरचा फणस औंदा फारच कमी धरला, असं भाई भेटेल त्याला सांगत असतात आणि सांगताना त्यांचा चेहरा फुलतो.