नखाएवढं शस्त्र

नागपूरच्या गांधीबागेच्या घाऊक बाजारात लुगड्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळं मिळतं. आजोबांच्या पॉइंट टू टू ब्रनो रायफलीचा एक्स्ट्रॅक्टर तेवढा मागू नये. १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही ‘शस्त्र’च, आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणारा नखाएवढा आकडा बदलायचा, तर परवानाधारक कारागीर शोधा. १९८०च्या दशकात आयात आवळली गेली. त्यामुळे मूळ भाग त्याच्याकडेही क्वचितच, मग तो बिचारा कानस घेऊन नवा घडवतो.

सुटे भाग मोकळे सोडले तर गावठी कट्टे वाढतील, हा आक्षेप खोटा नाही. नळीवर, बोल्टवर पहारा हवाच. पण कट्टेवाल्याला ब्रनोचा आकडा हवा कशाला? त्याचं पाइपावर भागतं. अडतो तो नूतनीकरणाचा अर्ज वेळेवर भरणारा. २०१९मध्ये कायदा बदलला तो बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणायला (हौशी नेमबाजांना सूट आहे म्हणा). ब्रनोचा आकडा जिथल्या तिथं. शस्त्राच्या त्याच व्याख्येतून घरगुती वापराची लाठी आणि साधी फिरायची काठी मात्र वगळलेली आहे. त्यांना सुटे भाग नसतात.