बाथरूम रिकामी नाही

घरच्या घरी डार्करूम थाटणारा माणूस ओळखायला सोपा असतो. उजव्या हाताची दोन-तीन नखं तपकिरी, सदऱ्यावर कुठल्याही साबणाला दाद न देणारे डाग आणि रस्त्यानं चालताना नजर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. तंबाखूचं व्यसन नसताना नखं अशी कशी, असं चुकूनही विचारू नका. "डेव्हलपर हो!" असं म्हणून तो जो खुलतो, तो बस निघून गेली तरी मिटत नाही.

त्याचं एक ठाम मत असतं. डार्करूमला पैसा लागत नाही, डोकं लागतं. हे अर्धंच खरं आहे. डोकं त्याचं लागतं. बाकी सगळं घरच्यांचं लागतं.

या जातीचा बहराचा काळ म्हणजे गेल्या शतकातली सत्तर-ऐंशीची दशकं. सरकारी कचेरीत नोकरी, दोन खोल्यांचा ब्लॉक, गळ्यात आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो, म्हणजे एक रोल दिवाळीला घातला तर बारशापर्यंत पुरायचा. फिल्म उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू', नाहीतर पूर्व जर्मनीहून आलेली 'ऑर्वो'. रोल धुवायला तो एकदा स्टुडिओत जातो, दरपत्रक वाचतो आणि घरी येऊन लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे आकडेमोड करतो. "अगं, घरी केलं तर निम्म्यात पडतं!" या हिशेबात बसचं भाडं नसतं, बर्फ नसतो, गेलेले बल्ब नसतात आणि वाया गेलेला कागद तर मुळीच नसतो. वहिनींना हे कळत नाही असं नाही. त्या फक्त "बरं" म्हणतात. पुढची वीस वर्षं त्या एका 'बरं'वर निघतात.

पहिला प्रश्न जागेचा. अंधार करता येईल आणि नळही असेल अशी घरात एकच जागा असते, आणि तिथे सगळ्यांचंच जाणं-येणं असतं. त्यामुळे डार्करूमची वेळ रात्री दहानंतरची. पावणेदहाला दवंडी पिटली जाते, "कुणाला जायचं असेल तर आत्ताच जाऊन या!" मुलं जाऊन येतात. प्रश्न नानांचा असतो. वयोमानाप्रमाणे नानांना ही सूचना पाळणं शक्य नसतं, आणि साडेदहाला दारावर टकटक झाली की आतून उत्तर येतं, "नाना, दोनच मिनिटं, कागद फिक्सरमध्ये गेला की उघडतो." दोन मिनिटांनी नाना शेजाऱ्यांची बेल वाजवतात. ते शेजारी आम्ही. त्यामुळे या सगळ्या प्रकरणाची मला जवळून माहिती आहे.

अंधार करणं वाटतं तितकं सोपं नसतं. बाथरूमच्या झडपांच्या खिडकीला आधी पुठ्ठा, त्यावर ब्रोमाइड कागदाच्या पाकिटातला काळा कागद, त्यावर चिकटपट्टी. दाराखालच्या फटीत गोधडी. मग तो बादली पालथी घालून तिच्यावर दहा मिनिटं नुसता बसून राहतो. डोळे अंधाराला सरावले की जिथून उजेड येतो ती भोकं आपोआप दिसू लागतात, ही त्यामागची युक्ती. युक्ती शास्त्रशुद्ध आहे, मलाही पटते. पण बाहेरून ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की एक कर्ता पुरुष दिवा बंद करून, नळ न सोडता, बाथरूममध्ये गप्प बसलेला आहे. पहिल्या खेपेला आमच्या आईनं वहिनींना हळूच विचारलं होतं, "कचेरीत काही झालंय का?"

मग लाल दिवा. छपाईच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून त्या उजेडात काम करता येतं. आता घरात लाल रंगाचा झीरोचा बल्ब आधीपासून कुठे असतो? देवघरात. तो संध्याकाळच्या आरतीनंतर बाथरूममध्ये जातो आणि पहाटे परत येतो. सासूबाई म्हणाल्या, "अरे, देव अंधारात राहिले." त्यावर चिरंजीव म्हणाले, "देवाला अंधारात दिसतं, आई. मला दिसत नाही."

हा बल्ब खरोखर निर्धोक आहे का, याचीही परीक्षा असते. कागदाच्या तुकड्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचं, लाल उजेडात काही मिनिटं तसंच राहू द्यायचं आणि तुकडा डेव्हलपरमध्ये बुडवायचा. नाण्याचा गोल उमटला की समजायचं, दिवा फितूर आहे. देवाचा दिवा पहिल्याच परीक्षेत फितूर निघाला. रंग जागोजागी उडालेला होता. त्याला वहिनींच्या नेलपॉलिशचा एक हात दिला गेला. सत्यनारायणाला आलेल्या बायका अजूनही विचारतात, तुमच्या देवघरातला दिवा एवढा चकचकीत कसा?

पण या माणसाचा खरा पराक्रम म्हणजे एन्लार्जर. विकत घ्यायचा तर दोन पगार. म्हणून पुण्यात असला तर बुधवारी-रविवारी जुना बाजार, मुंबईत असला तर शुक्रवारी चोर बाजार. तिथे मोडका भात्याचा कॅमेरा मिळतो. बाकीचं घरात असतंच. दिव्याचं घर म्हणजे वनस्पती तुपाचा मोठा डबा. आत दुधी काचेचा शंभराचा बल्ब. खांब नळकाम करणाऱ्याकडून आणलेल्या पाइपाचा आणि बैठक म्हणजे जेवायला बसायचा शिसवी पाट, ज्याला मधोमध भोक पाडल्याचं पितृपक्षात उघडकीला आलं. दिवा लागला की निगेटिव्हमधून, भिंगातून उजेड खाली पाटावर पडतो आणि भाता मागंपुढं केला की चित्र स्पष्ट होतं. होतं, खरंच होतं! मी पाहिलं आहे. फक्त पाच मिनिटांत डबा तापतो, निगेटिव्ह मधोमध फुगतं, चित्र पुन्हा पुसट होतं आणि बाथरूमभर तळणीचा वास सुटतो. गरम हवा जावी म्हणून डब्याला भोकं पाडली, तर त्यातून छतावर चांदणं पडलं. त्या चांदण्यावर उपाय म्हणून वहिनींचा काळा परकर डब्यावर आला. वहिनींनी तो दोन महिने शोधला.

रसायनांची तऱ्हा वेगळीच. तयार पुडी घेणं म्हणजे त्याच्या लेखी आळशीपणा. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, पाणी एक लिटर. कोडॅकच्या डी-७६ चा हा पाठ त्याला गणपतीच्या आरतीपेक्षा चोख येतो. मेटॉल आधी विरघळवायचं, सल्फाइट नंतर. उलट केलं तर मेटॉल रुसून तळाशी बसतं. आता २ ग्रॅम मेटॉल वाण्याच्या तराजूवर कसं तोलणार? म्हणून तो सोनाराकडे जातो. सोनार चष्मा पुसून ती पांढरी पूड तोलतो, पैसे घेत नाही, आणि संध्याकाळी गल्लीत नाही नाही त्या शंका फिरू लागतात.

डेव्हलपर ठेवायला गडद रंगाच्या बाटल्या लागतात. त्या फुकट कुठे मिळतात ते सर्वांना ठाऊक आहे. संकष्टी कधी न मोडणाऱ्या या गृहस्थाच्या मोरीत बिअरच्या सहा बाटल्या रांगेनं उभ्या असतात आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं, 'विष. पिऊ नये.' लेकीला बघायला आलेल्या मंडळींपैकी एक जण हात धुवायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाटलीत हवा राहिली की डेव्हलपर काळवंडून निकामी होतो. म्हणून जितका वापरला तितकी जागा भरून काढायला तो बाटलीत गोट्या टाकतो. पाणी तोंडाशी येतं, हवा बाहेर जाते. गोट्या अर्थातच धाकट्याच्या. त्या वयात इतर मुलं पाढे शिकतात. हा पोरगा कोणत्या बाटलीत आपल्या किती गोट्या आहेत याची वही ठेवायचा. पुढे तो सीए झाला.

डेव्हलपरला २० अंश सेल्सियस मानवतं. हे ठरवणारी माणसं एप्रिल महिन्यात पुण्याला किंवा नागपूरला कधी आली नसावीत. उसाच्या गुऱ्हाळातून बर्फ आणायचा, बादलीत बाटली उभी करायची, भोवती बर्फ रचायचा आणि तापाचा थर्मामीटर तिथे चालत नाही हे एक फोडल्यावर शिकायचं. वेळ मोजायला घड्याळ अंधारात दिसत नाही, त्यावर मात्र त्यानं अस्सल देशी तोड काढली. एक भीमरूपी म्हणजे एक प्रिंट. रात्री अकरा वाजता बाथरूममधून खणखणीत आवाजात मारुतीस्तोत्र ऐकू येतं आणि जिन्यातून जाणारा नवखा माणूस दचकून दोन पायऱ्या एकदम चढतो.

मध्येच वीज जाते. भारनियमनात गावभर असा काळोख पडतो, की डार्करूमसाठी वेगळी खोली नको. पण एन्लार्जर विजेवर चालतो. त्याच्या तोंडून अपशब्द असे मी फक्त त्याच वेळी ऐकले आहेत.

वहिनी त्रासल्या की तो दादासाहेब फाळक्यांचा दाखला देतो. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला, त्यामागे सरस्वतीबाई होत्या. त्या फिल्मला भोकं पाडायच्या, अंधारात बसून फिल्म धुवायच्या, आणि शिवाय चित्रपटाच्या कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करायच्या. एवढं सांगून तो थांबतो, कारण पुढची गोष्ट वहिनींना पाठ असते. "आणि दागिनेही दिले होते त्यांनी," वहिनी म्हणतात. "ते नाही मिळायचे."

एकदा मात्र त्यानं त्यांना आत बोलावलं. पांढरा कागद डेव्हलपरमध्ये हळूहळू काळा-करडा होत होता, सिंहगडाचा पुणे दरवाजा उमटत होता. तो श्वास रोखून म्हणाला, "बघ!" वहिनींनी बघितलं. म्हणाल्या, "हा हळदीकुंकवाचा ट्रे आहे ना?"

आता इतक्या खटपटीतून निघालेले फोटो कसले? स्पर्धेला पाठवायला एक पागोटंवाला सुरकुतलेला म्हातारा. शनिवारवाडा. पावसात छत्र्या. पुन्हा तोच म्हातारा, या खेपेला विडी ओढताना. घरच्यांचा धड फोटो एकही नाही. वहिनी मात्र चाचणीच्या पट्ट्यांवर भरपूर आहेत. कागदाला किती सेकंद उजेड द्यायचा हे ठरवायला त्याच्या अरुंद पट्टीवर तो टप्प्याटप्प्यानं वाढवत द्यायचा असतो, आणि अशा कामाला निगेटिव्ह लागतं ते फार मोलाचं नसलेलं. म्हणून पाच सेकंदांचं कपाळ, दहा सेकंदांचं नाक, पंधरा सेकंदांची हनुवटी आणि वीस सेकंदांचं, पार काळं पडलेलं मंगळसूत्र, अशा वहिनींच्या शेकडो पट्ट्या बुटांच्या खोक्यात भरून ठेवलेल्या आहेत. लेकीच्या लग्नात फोटो काढायला चौकातला स्टुडिओवाला आला. रोख पैसे देऊन.

छापलेला फोटो तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर आत उरलेला फिक्सरमधला हायपो काही वर्षांनी त्याला पिवळा पाडतो. नगरपालिकेचं पाणी मात्र सकाळी दोनच तास. त्या दोन तासांत धुणं, भांडी आणि पागोटंवाला म्हातारा यांच्यात कुणाला अग्रक्रम मिळाला, ते जुन्या फोटोंकडे पाहिलं की कळतं. सगळे पिवळे आहेत. वहिनी कधी हरल्या नाहीत.

पुढे रंगीत प्रिंट तासाभरात देणाऱ्या लॅब आल्या, मग डिजिटल आलं, उटीचा कारखाना बंद पडला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी आली त्या दिवशी तो जेवला नाही. एन्लार्जर माळ्यावर गेला. पाट श्राद्धाला परत आला, भोकासकट. आम्हाला वाटलं, संपलं. नानांना त्याचं सुख बघायला मिळालं नाही.

पण ही जात संपत नाही. आता बाणेर-हिंजवडीकडची दाढीवाली पोरं त्याच्याकडे येऊ लागली आहेत. फिल्मच्या एका रोलची आजची किंमत ऐकून आमचे गृहस्थ पाणी मागतात, पण पोरांचा काटकसरीचा बाणा पाहून त्यांना भरून येतं. कारण या पोरांनी आणलंय कॅफेनॉल. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व एवढ्यावर फिल्म धुता येते. यातली कॉफी-सोड्याची मूळ कृती अमेरिकेत रोचेस्टरच्या तंत्रसंस्थेतल्या एका वर्गानं १९९५ साली बसवली. गंमत नाही, निगेटिव्ह खरंच येतं, आणि कॉफी जितकी हलकी तितकं काम बरं, असं ही मंडळी सांगतात. स्वस्त माल जास्त चांगला ठरतो असं एकही शास्त्र त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. सत्तरीत त्याला नवी पालवी फुटली आहे. सोडा घातलेल्या कॉफीच्या वासानं मजला दणाणला आहे. वहिनींनी कॉफीचा डबा कुलपात ठेवला आहे, आणि आम्ही रात्री बेल वाजली की न विचारता बाथरूमचा दिवा लावतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर कुणाचा जुना एन्लार्जर, ट्रे, टाकी असं काही धूळ खात पडलं असेल आणि ते योग्य हातात जावं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुमच्या ओळखीतल्या अशा गृहस्थांना अवश्य कळवा. फक्त फोन आधी त्यांच्या बायकोला करा.