वाडीवरचे बिनपगारी

सकाळी विरारला चर्चगेटची गाडी फलाटाला लागते न लागते तोच भरते. तिच्यात वाडीवाल्यांची पोरं उभी असतात. कोणी बँकेत, कोणी विमा कंपनीत, कोणी अंधेरीच्या एखाद्या काचेच्या इमारतीत. त्याच सुमारास मुंबईहून येणाऱ्या रिकाम्या गाडीतून अधूनमधून एखादा तरुण वसईला उतरतो. पाठीवर कमरेपासून डोक्याच्या वर जाणारी पिशवी, हातात स्टीलची बाटली, चेहऱ्यावर नुकताच राजीनामा दिल्याचा आनंद. त्याला शेती शिकायची असते. वाडीवाल्याचा मुलगा पगारासाठी मुंबईला आणि मुंबईचा मुलगा बिनपगारी खुरपणीसाठी वसईला, असा हा व्यवहार आहे. दोघांनाही आपणच शहाणे वाटतो, त्यामुळे तक्रार कोणाचीच नसते.

माझ्या आत्याची वाडी निर्मळच्या बाजूला आहे. केळी, नारळ, नागवेल, थोडा सोनचाफा, कडेकडेने अळू आणि मांडवावर दुधी. आत्येभावाने ती सेंद्रिय म्हणून जाहीर केली आणि ‘इंटर्न पाहिजेत’ अशी जाहिरात दिली. राहणं-जेवणं आमचं, दिवसाला पाच तास काम तुमचं. आत्याचं म्हणणं, घरची पोरं जेवूनखाऊन वाडीत पाय टाकत नाहीत, परक्याची कशाला येतील? आली. एकामागून एक आली. पुण्याची एक आर्किटेक्ट, बंगळूरचा एक संगणकवाला, नुकतंच लग्न ठरलेली आणि म्हणून विचारात पडलेली दादरची एक मुलगी. आत्याला खरं कोडं पडलं ते वेगळंच. तिच्या लहानपणी हेच काम ती शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर करत होती, तेव्हा त्याला कोणी शिकणं म्हणत नव्हतं.

ही कल्पना तशी आजची नाही. १९७१ मध्ये लंडनमधल्या स्यू कॉपर्ड नावाच्या सेक्रेटरीबाईंना शनिवार-रविवारी गावाकडे जावंसं वाटे, पण गावाकडे आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. त्यांनी काही शहरी मंडळी गोळा करून सेंद्रिय शेतांवर सुट्टीतलं काम सुरू केलं आणि पुढे ते जगभर पसरलं. मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “मामा नसेल तर माणूस काय करणार बिचारं.” मला वाटतं, या चळवळीचा इतका नेमका इतिहास दुसऱ्या कोणी सांगितला नसेल.

त्याच काळात जपानच्या शिकोकू बेटावर मासानोबू फुकुओका यांच्या संत्र्यांच्या बागेत पोरं मातीच्या झोपड्यांतून राहत होती. वीज नाही, पाणी झऱ्यावरून वाहून आणायचं, जेवायला हातसडीसारखा तांबूस भात. फुकुओकांचा सिद्धांत चार नकारांचा: नांगरणी नको, रासायनिक खत नको, खुरपणी नको, फवारणी नको. यातलं ‘नको’ तेवढं ऐकून जगभरातून तरुण तिथे पोचले आणि हातात विळा मिळाल्यावर चकित झाले. आमच्याकडे येणाऱ्यांच्या पिशवीतही फुकुओकांचं पुस्तक असतं. पहिला पाऊस आला की आत्या ते उचलून माळ्यावर ठेवते. पुस्तकाबद्दल तिचा आदर यापलीकडे गेलेला मी पाहिला नाही.

इंटर्नला पहिलं मानाचं काम मिळतं ते जीवामृताचं, म्हणजे घरच्या घरी करायच्या पातळ खताचं. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी ही कृती घरोघर पोचवली. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी, दहा किलो गावठी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे काठीने ढवळायचं, गोणपाटाने झाकायचं आणि दोन दिवस सावलीत ठेवायचं. गुळाने आणि बेसनाने मातीतले जीवाणू वाढतात, शेणातून त्यांचं विरजण मिळतं, असा त्यामागचा हिशेब. आर्किटेक्ट मुलीने बाह्या सरसावून पहिल्यांदा काठी घातली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अभिषेकाचा भाव होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गोणपाट उचललं, वर फेस आला होता, बुडबुडे फुटत होते आणि वास थेट ओटीपर्यंत येत होता. तिने दीर्घ श्वास घेऊन “किती जिवंत आहे!” असं म्हटलं आणि मग बराच वेळ दुसरा श्वास घेतला नाही. आत्याचं दुःख निराळं. बेसनाचा डबा घेऊन कोणी घराबाहेर पडलं की ती अजूनही म्हणते, “सगळं नेऊ नका हो, भज्यांपुरतं ठेवा.”

सेंद्रियचीही किती रूपं! वसईच्या पानवेली आणि केळी पूर्वी एरंडीच्या पेंडीवर आणि मासळीच्या खतावर पोसल्या जात. संगणकवाला कट्टर शाकाहारी होता, दूधसुद्धा घेत नसे. त्याला केळीच्या आळ्यात सुक्या मासळीचा चुरा घालायला दिला. तो हातातल्या टोपलीकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, “म्हणजे हे केळं शाकाहारी नाही?” यावर आमच्या घरात कोणाकडेच उत्तर नव्हतं. संध्याकाळी त्याने केळी खाल्ली, पण डोळे मिटून.

पाण्याचा धडा लवकर मिळतो, कारण समुद्र फार लांब नाही. वाड्यांच्या मधोमध आमच्याकडे बावखलं आहेत, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी छोटी तळी. ती भरली की ते गोडं पाणी जमिनीत मुरतं, विहिरी गोड राहतात आणि खारं पाणी आत शिरायला कचरतं. बावखलं बुजवून इमारती उभ्या राहिल्या, विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने रान उठवलं होतं. इंटर्नला हा इतिहास बावखलात गुडघाभर उभं राहून जलपर्णी ओढताना सांगावा लागतो. ओटीवर बसून सांगितला तर तो मान डोलावतो. पाण्यात उभं करून सांगितला की तो विचारतो, “अजून किती उरलंय?” प्रश्न जलपर्णीबद्दल असतो, पण मी त्याचा अर्थ मला हवा तसा घेतो.

पाण्याचा दुसरा धडा थोड्या अंतरावर आहे. विरारहून डहाणूची गाडी धरली आणि डहाणूच्या पुढे थोडं गेलं की उंबरगाव रोड. तिथे, गुजरातच्या हद्दीत, देहरी गावी भास्कर सावे यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी आहे. साव्यांचा जन्म १९२२ चा, आणि २०१५ मध्ये ते गेले. आधी रासायनिक खतांचे आदर्श शेतकरी, मग खर्चाचा आणि मातीचा हिशेब जुळेना म्हणून त्या वाटेवरून मागे फिरलेले. फुकुओका स्वतः त्यांची वाडी पाहून थक्क झाले होते. साव्यांच्या चिकू-नारळाच्या बागेत पाणी खोडाशी घालत नाहीत. झाडांच्या ओळींमधल्या चरात सोडतात, म्हणजे मुळं त्याच्या शोधात पसरतात. आमचे इंटर्न नेमकं बुंध्यावरच पाणी ओततात, प्रेमाने, झाडाशी बोलत. आत्या लांबून ओरडते, “त्याला आंघोळ नको घालू रे, तहान लागू दे!”

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येतो. इंटर्नच्या शेजारी त्याच वाफ्यात एक बाई खुरपत असतात. तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातल्या एका वारली पाड्यावरून त्या येतात, रोजावर. कुठलं गवत मुळासकट उपटायचं आणि कुठलं नुसतं कापून तिथेच पसरायचं, कुठल्या पानाची भाजी होते आणि कुठल्या पानाने घसा खाजतो, केळीचा लोंगर कधी उतरवायचा, धामण दिसली तर का हलायचं नाही, हे सगळं इंटर्न त्यांच्याकडून शिकतो. आत्येभाऊ संध्याकाळी ओटीवर मातीतल्या कर्बावर बोलतो तेव्हा पोरं वहीत टिपून घेतात. बाई बोलतात तेव्हा टिपायला हात रिकामा नसतो. फोटोत पोरं असतात, बाई नसतात, कारण फोटो काढायची वेळ म्हणजे त्यांची गाडी पकडायची वेळ. इंटर्न जाताना त्याला छापील प्रमाणपत्र मिळतं. त्यावर आंब्याचं चित्र आहे. वाडीत आंबा नाही.

मला इंटर्न आवडतात, हे सांगून टाकतो. ती पोरं भांडी स्वतः घासतात, आत्याला तिच्या तारुण्यातल्या गोष्टी विचारतात, तिच्या मुलांनी कधी विचारल्या नव्हत्या. दादरची मुलगी पहाटेच्या गाडीने लगेजच्या डब्यातून सोनचाफ्याच्या टोपल्यांबरोबर फुलबाजारात गेली, घासाघीस बघून आली आणि दोन दिवस गप्प होती. नंतर तिने फुलाच्या भावात आळं करण्यापासूनची मजुरी धरून हिशेब मांडला. कुठूनही मांडला तरी तो तोट्यातच जात होता. आत्या म्हणाली, “आता शिकलीस.” मुलीचं लग्न पुढे ठरल्याप्रमाणे झालं आणि आत्याला पत्रिका आली.

तेव्हा कोणाला यायचं असेल तर जरूर या, पण जानेवारीत नको. तेव्हा थंडी असते, वाल लागलेला असतो, आगाशीला सुकेळी उन्हात पडलेली असतात आणि शेती कोणालाही जमेल असं वाटतं. आषाढात या. पाच तासांचं काम सात तास चालतं हे धरून चाला. रेल्वे नालासोपाऱ्याला पाण्यात थांबली तर मुक्काम वाढेल, तेव्हा परतीचं तिकीट आधी काढू नका. गमबूट आपले आणा, आत्याकडे एकच जोड आहे आणि तो तिचा आहे. आणि जाताना प्रमाणपत्रावर खुरपणाऱ्या बाईंची सही मागून घ्या. त्या छान सही करतात. आत्येभावाने अजून त्या जागेवर स्वतःचंच नाव छापलेलं आहे, पण खाली थोडी मोकळी जागा आहे.